लाभ, दोन, तीन

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

आजपासून दोन ठिकाणी लिहायचं आहे. एक अहवाल, तो कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर, अभिमन्यूला पाठवायचा. आणि दुसरं हे, माझ्यापुरतं. अहवालात 'उत्साहजनक प्रतिसाद' असले शब्द येतात, तेव्हा खरं काय झालं ते लिहायला वेगळी जागा हवी.

झालं ते असं. बंगळूरच्या एका कंपनीला टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायकांचे हात हवे आहेत. म्हणजे हातांचं चित्रीकरण. कपाळावर पट्टा, पट्ट्याला काडेपेटीएवढा कॅमेरा, आणि बायकांनी रोजचं काम करत राहायचं. ते पाहून परदेशात कुठेतरी रोबोट घडी घालायला शिकणार. बायकांना तासामागे थोडे जादा पैसे मिळतील.

मी सरळ विचारलं, "आणि मग आमच्या बायका?"

अभिमन्यू हसला. "काकू, एका रोबोटच्या किमतीत आपल्या अख्ख्या घडी विभागाचा जन्मभराचा पगार निघेल. अक्कलकोट रोडला तो कोण आणणार? ते अमेरिकेतल्या हॉटेलांसाठी. तिकडे माणसं मिळत नाहीत."

हे पटण्यासारखं आहे. जुन्या मालकांनी, आबासाहेबांनी, कारखाना या मुलाच्या हाती दिला तेव्हा मला धास्ती वाटली होती, पण अभिमन्यू विचार करून बोलतो. घडी विभागाची सुपरवायझर म्हणून बायकांना तयार करायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं आहे.

घरी यज्ञेश्वरांना सांगितलं. (तोंडाने 'अहो', इथे नावाने. इथे कोण ऐकतंय.) त्यांच्या बँकेत पासबुक छापायचं यंत्र आल्यापासून त्यांना काउंटरवरून उठवून त्या यंत्राशेजारी उभं केलं आहे. म्हाताऱ्या माणसांना यंत्राची भीती वाटते, म्हणून त्यांची पासबुकं हे आत सरकवतात.

ते म्हणाले, "म्हणजे तू आता मास्तरीण. विद्यार्थी तेवढे लोखंडाचे."

यंत्राचा पट्टेवाला होण्यापेक्षा बरं, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस आला. विरेश नाव, हुबळीचा, तिशीच्या आतला, बोलायला गोड. पट्टे टेबलावर मांडले तशा चौदाही बायका लांब सरकल्या.

"ह्ये काय बाई, खाणीत उतरायचं हाय का?" शांतम्माने विचारलं. ती आमच्याकडची सगळ्यात जुनी. अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी, कारखान्यात मराठी, भांडताना दोन्ही.

"कॅमेरा आहे. तुमचे हात दिसतील," मी म्हटलं.

"घरी बी घालून जाऊ का? आमच्या मालकांना दिसंल तरी, मी किती राबते त्ये."

वैष्णवी म्हणाली, "मावशी, कॅमेरा हाताचा हाय, तोंडाचा न्हाय. उगं पावडर लावून याल उद्या."

"हाताला लावीन की मग."

सगळ्या हसल्या, पण पट्ट्याला हात कोणी लावेना. मग विरेशने शांतम्माला कानडीत विचारलं, "अव्वा, ऊटा आयता?" जेवलीस का, एवढंच. तिने त्याच्याकडे वर-खाली पाहिलं, कुठल्या गावचा ते विचारलं, आणि पट्टा स्वतःच कपाळावर चढवला. तिच्या मागोमाग बाकीच्यांनी.

नियम: मान खाली. समोरचीचा चेहरा चित्रात येऊ नये. बोलायचं नाही, कारण आवाजही रेकॉर्ड होतो आणि बोलताना हात थांबतात, असं विरेशचं म्हणणं. खरं तर उलट आहे. आमच्या बायकांचे हात बोलण्यावरच चालतात. पण पहिल्याच दिवशी नव्या माणसाला कशाला दुखवायचं.


गुरुवार, २० नोव्हेंबर

विरेश वैतागलेला. आठवड्याच्या चित्रीकरणात जागोजागी अंधार. चित्र नीट चाललेलं असतं, मधेच काळोख, मग कॅमेरा वाकडा. दर डझनाला एकदा.

मला लगेच कळलं आणि हसू आलं. डझनातला पहिला टॉवेल उचलला की आमच्या बायका तो कपाळाला लावतात आणि 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन, चार करत बारा. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तेच हे. कानडी मुलखातही तसंच. बायका खेड्यातून आल्या, येताना मोजणी घेऊन आल्या. वैष्णवीसारख्या शहरात शिकलेल्या मुली नुसता टॉवेल कपाळाला लावतात आणि मोजतात एक, दोन, तीन. जुन्या सात जणी मात्र लाभाशिवाय हात चालवत नाहीत.

आता कपाळावर कॅमेरा आहे. त्यालाच टॉवेल लागतो.

मी विरेशला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, त्याची आजीही असंच मोजायची म्हणाला. मग म्हणाला, "पण मॅडम, रोबोटला कपाळ नाही."

शांतम्मा घड्या घालता घालता म्हणाली, "मग त्येला लाभ बी न्हाय."


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अभिमन्यूने बोलावलं. अंधाराचे तास कंपनी धरत नाही. "काकू, एवढं तुम्हीच करू शकता. बायका तुमचं ऐकतात."

टेबलांच्या मधे उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, "टॉवेल कपाळाला लावायचा नाही. लाभ बंद. एकपासून मोजा, तेही मनात." जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा सांगावं लागलं, कारण शांतम्माचा हात सवयीने वर जात होता.

ती म्हणाली, "पयल्याला एक म्हणू नये, बाई. घरात एकच ऱ्हातंय मग."

"मनात काय म्हणायचं ते म्हण. तोंडाने आणि हाताने नको."

"मनातला लाभ चालतोय व्हय?"

"चालतो."

"आन् मोजायचं एकपासून."

"एकपासून."

ती बराच वेळ पहिला टॉवेल हातात धरून उभी होती. मग तिने तो गुपचूप टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं वाद घालेल. घातला नाही. मोठं काम सहज झालं. अहवालात लिहिलं: 'पद्धतीतील बदल कामगारांनी समंजसपणे स्वीकारला.'


शनिवार, २९ नोव्हेंबर

विभाग इतका शांत की पलीकडच्या लूमचा खडखडाट भिंतीतून स्पष्ट ऐकू येतो. पूर्वी आमच्या आवाजात तो बुडायचा. घड्या वाढल्या आहेत, दिवसाकाठी पुष्कळच. विरेशने आलेख दाखवला. अभिमन्यू खूश. मोजणी आता कॅमेऱ्यात येतेच, तेव्हा पॅकिंगला निंगप्पाने परत मोजायची गरज नाही, असं त्याने ठरवलं. निंगप्पाला गेटवर बसवलं आहे.

एकच कटकट. लॉटमध्ये टॉवेल कमी पडतात. लूम विभागाने पुरेसा माल दिल्याची पावती आहे, पण डझन तेवढे भरत नाहीत. मी लूमच्या सिद्धप्पाला जाऊन झापलं. तो म्हणाला, "बाई, मी मोजून दिलाय. तुमच्याकडं उंदीर झालेत का बघा." आमची चांगलीच जुंपली.

शांतम्माच्या टेबलावरचे गठ्ठे जरा उंच दिसले. नव्या लॉटचं सूत जाड असेल.


मंगळवार, ९ डिसेंबर

विरेशने जेवणाच्या सुट्टीत बायकांना रोबोटचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या कंपनीचा नाही, दुसऱ्या कुठल्या तरी. दोन लोखंडी हात टेबलाला बसवलेले. एक हात टॉवेलाचं टोक शोधतो, सापडत नाही, पुन्हा शोधतो. मग दुसरा हात पुढे येतो.

"आंधळं हाय व्हय बिचारं," कोणी तरी म्हणालं.

"नवी नवरी हाय," शांतम्मा म्हणाली. "सासू बघत असंल समोरनं."

एक घडी व्हायला इतका वेळ लागला की दोघी ताटं धुऊन आल्या तरी ती चालूच. शेवटी जी झाली तिला आम्ही घडी म्हणत नाही. बायका पोट धरधरून हसल्या. कित्येक दिवसांनी विभागात आवाज झाला.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. उगाच लोक घाबरतात. हे असलं यंत्र आमची जागा घेणार असेल तर माझी सातवी पिढी तरी निर्धास्त आहे. घरी यज्ञेश्वरांना व्हिडिओचं वर्णन करून सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, "आमचं यंत्रही पहिले सहा महिने पासबुकं खायचं. आम्ही चिमट्याने काढायचो आणि हसायचो."

मग विचारलं, "पण ते सोड. तुमच्या चौदा जणींचं काम आता किती जणींत होतंय?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच हिशोब केला नव्हता.


बुधवार, १७ डिसेंबर

कंटेनर बंदरावर अडकला. कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा माल जास्त. तिथे खोके फोडून मोजले. काही गठ्ठ्यांत बाराऐवजी तेरा टॉवेल. सगळ्यांत नाही, पण निम्म्याच्या आसपास.

अभिमन्यू दिवसभर फोनवर होता. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट वाटलं. ग्राहकाची तारीख चुकणार, दंड वेगळा. संध्याकाळी आबासाहेब स्वतः आले, काठी टेकत. घडी विभागात एक फेरी मारली आणि गेले.

सिद्धप्पा दारात भेटला. "सापडले का उंदीर, बाई?" एवढंच म्हणाला.


गुरुवार, १८ डिसेंबर

अभिमन्यूच्या खोलीत सगळे. विरेशने व्हिडिओ लावला. पडद्यावर शांतम्माचे हात. हिरवा चुडा, उजव्या अंगठ्यावर जुनी जखम. झटकणं, दुमडणं, सरळ करणं, ठेवणं. इतक्या मोठ्या पडद्यावर ते हात मी कधी पाहिले नव्हते. विरेश बोटाने मोजत होता. तेरा.

"मी बाराच मोजले, मालक," शांतम्मा म्हणाली.

"इथे तेरा आहेत, मावशी. तुम्हीच मोजा."

तिने तिथेच टेबलावरच्या फायली उचलून मोजून दाखवल्या. पहिली फाईल न बोलता ठेवली. दुसरी ठेवताना म्हणाली, "एक." तिसरी, "दोन." बारा म्हणेपर्यंत टेबलावर तेरा फायली.

"पहिली का मोजली नाही?"

"ती लाभाची की."

खोलीत क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. पहिल्याला एक म्हणायची तिची जीभ नाही. लाभ तोंडाने म्हणायचा नाही, म्हणून तो मनात म्हटला, आणि मग सांगितल्याप्रमाणे एकपासून सुरुवात केली. सातही जुन्या जणींनी तेच केलं असणार.

"असं मोजायला कोणी सांगितलं?" अभिमन्यूने विचारलं.

शांतम्माने माझ्याकडे पाहिलं. तिचा घसा कोरडा पडला असावा. मी दारातल्या पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं, पण तिने घेतलं नाही. अजून माझ्याकडेच पाहत होती.

मग म्हणाली, "सवय, मालक. कुणी कशाला सांगंल."

मी बोलणार होते. पण तेवढ्यात विरेशने दुसरा व्हिडिओ लावला, आणि विषय पुढे गेला. सगळ्यांसमोर बोलून गोंधळ वाढवण्यापेक्षा अभिमन्यूला एकट्याला गाठून सांगावं हे बरं. तसं सांगेन.


शनिवार, २० डिसेंबर

काल आणि आज अभिमन्यू पुण्याला. तो परत यायच्या आधीच नोटीस लागली.

शांतम्मा आणि बाकीच्या सहा जणींना कमी केलं. सातही जणींची नोकरी वीस वर्षांच्या पुढची. हलगर्जीपणा आणि त्यामुळे कारखान्याचं नुकसान, असा ठपका. अकाउंटंट म्हणाला, तशा ठपक्याने काढलं की ग्रॅच्युइटीही अडवता येते. मला कायद्यातलं फारसं कळत नाही.

बायका गेटपाशी बराच वेळ उभ्या होत्या. निंगप्पा त्यांना आत सोडू शकत नव्हता आणि हाकलूही शकत नव्हता, म्हणून तो स्वतःच बाहेर जाऊन त्यांच्यात उभा राहिला. शांतम्माने डबा पिशवीत घातला, पट्टा काढून माझ्या हातात दिला. "ह्यो तुमचा, बाई." पट्टा आतून घामाने ओला होता.

आता सांगून तरी काय उपयोग, हा प्रश्न आहे. नोटीस लागलेली आहे. मी सांगितलं असतं तर शांतम्माबरोबर मीही गेले असते, आणि मागे उरलेल्या सात जणींकडे बघायला कोणीच राहिलं नसतं. कोणीतरी आत असायला हवं.


शुक्रवार, २ जानेवारी २०२६

नवीन वर्ष. सात जणींत काम भागतं आहे. चौदा जणींत व्हायचं त्याहून थोडं जास्तच. मी आधी मान्य करत नव्हते, पण आलेख समोर आहे. न बोलता, मान खाली घालून, एकही हालचाल वाया न घालवता काम केलं की असं होतं. पट्टे लागल्यापासून त्यांना तीच सवय लागली आहे, विरेश नसला तरी.

अभिमन्यू म्हणाला, "बघा काकू, रोबोट आणावाच लागला नाही." कौतुकाने म्हणाला. मला त्याच्या बोलण्यात काहीतरी खुपलं, पण काय ते नेमकं सांगता येत नाही.

वैष्णवी माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं 'व्हय' आणि 'न्हाय'. तिचं वय तसं आहे.


गुरुवार, १५ जानेवारी

जत्रेला गड्ड्यावर गेलो होतो, यज्ञेश्वर आणि मी. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, बाहेर पाळण्यांचा आणि भोंग्यांचा कालवा. भज्यांच्या गाड्यापाशी शांतम्मा दिसली. बरोबर नात. मी वळून दुसरीकडे जाणार होते, पण तिने हाक मारली.

"बाई, बऱ्या हायसा का?"

"बरी आहे. तू?"

"विड्या वळते आता. घरीच. पानाचा वास डोस्क्यात बसतोय, दुसरं काय न्हाय. नवीन लोकास्नी हात बसत न्हाय म्हणं लवकर. माझा बसला."

यज्ञेश्वरांनी नातीला फुगा घेऊन दिला. तेवढ्यात शांतम्मा माझ्याजवळ सरकली. आवाज अजिबात चढवला नाही.

"एक इचारू? त्या दिशी मी तुमच्याकडं बघितलं."

"हो."

"मला वाटलं, तुमी बोलताल. म्हणून मी तुमचं नाव न्हाय घेतलं. आपल्या माणसाचं नाव आपण घेऊ नये, त्येनं आपण होऊन बोलावं. तुमी तर पाणी मागवलं की, बाई."

मी म्हटलं, मला वाटलं तुला तहान लागली.

"व्हय," ती म्हणाली. "लागली हुती."

नातीला हाताला धरून ती गर्दीत गेली. परत येताना यज्ञेश्वरांनी विचारलं, काय म्हणत होती. मी सांगितलं, विड्या वळते म्हणाली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. माणूस काही विचारत नाही तेव्हा त्याला सगळं कळलेलं असतं की काहीच कळलेलं नसतं, हे इतक्या वर्षांत मला ओळखता आलेलं नाही.

ठरवलं आहे. सोमवारी अभिमन्यूला सांगायचं. काय व्हायचं ते होवो.


सोमवार, १९ जानेवारी

सांगितलं.

सकाळी गेल्या गेल्याच गेले. वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं: शांतम्माची चूक नव्हती, एकपासून मोजा असं मीच सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. सात बायकांना परत घ्या, हवं तर मला काढा, असंही म्हटलं.

अभिमन्यूने लॅपटॉप बंद केला आणि मला बसायला सांगितलं.

"काकू, कंटेनर अडकला त्याच आठवड्यात मला ते कळलं होतं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? आवाज आहे की तुमचा. चौदा कॅमेऱ्यांत. 'लाभ बंद. एकपासून मोजा.' शांतम्मा विचारतेय, मनातला लाभ चालतो का, आणि तुम्ही म्हणताय चालतो. विरेशने मला ऐकवलं."

मी विचारलं, मग तिला का काढलं?

तो अगदी शांतपणे बोलला, शाळेतल्या मुलाला समजवावं तसं. चौदाची गरज नव्हती हे आलेखावरून नोव्हेंबरातच दिसत होतं. पण जुन्या बायकांना नुसतं जा म्हटलं तर नियमाप्रमाणे सगळं द्यावं लागतं. कारण हवं होतं. कारण मिळालं. "मी ते शोधलं नाही, काकू. ते झालं."

"मग त्या दिवशी खोलीत मला का विचारलं नाहीस?"

"विचारलं की. 'कोणी सांगितलं' असं विचारलं. तुम्ही पाणी मागवलंत." तो थोडा हसला. वाईट हसणं नव्हतं. "तेव्हाच मी बाबांना म्हटलं, काकूंना ठेवू. त्या समजूतदार आहेत."

तो पुढे म्हणाला, आता सात बायकांवर सुपरवायझर ठेवण्यात तसा अर्थ नाही, लक्ष ठेवायला कॅमेरे आहेतच. पण मला घरी पाठवणं त्याच्या मनाला पटत नाही. कंपनीचे ठरलेले तास मार्चपर्यंत पूर्ण करायचे आहेत आणि रिकाम्या टेबलांपैकी एकावर मी घड्या घालू शकते. पगार थोडा कमी होईल. मी विचार करून सांगितलं तरी चालेल.

विचार करायला मी व्हरांड्यात आले. गेटपाशी निंगप्पा बसला होता. बँकेत आत्ता यज्ञेश्वर यंत्राशेजारी उभे असतील. घराचा हप्ता आहे. शिवाय मी राजीनामा दिला तर शांतम्माला काय मिळणार आहे? काहीच नाही. हे मी स्वतःला तीन-चारदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ते खरंच होतं.

आत गेले. मला दिलेलं टेबल शांतम्माचंच, खिडकीजवळचं. टॉवेलांचा ढीग तयार होता. पहिल्या घड्या वाकड्यातिकड्या आल्या. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना चुका दाखवणं आणि स्वतः घडी घालणं यांत फार फरक आहे. बंगळूरला बसून चित्र पाहणारा विरेश फोनवर म्हणाला, "मॅडम, मान खाली. तुम्ही सारख्या वर बघताय, बायकांचे चेहरे येतायत."

सवय आहे, मी म्हणाले. त्यांच्याकडे बघायचंच तर काम होतं माझं.

पट्टा कपाळाला फार घट्ट बसत होता, ठणकायला लागलं. वैष्णवी शेजारच्या टेबलावरून उठली, माझ्या मागे आली आणि पट्टा सैल करून दिला. मी मागे वळून पाहिलं. तिचे ओठ हलले, काहीतरी म्हणणार होती. मग तिने माझ्या कपाळावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि न बोलता जागेवर जाऊन पुढचा टॉवेल उचलला.